वाऱ्याचा रकाना

मुलांनो, कागदाचा एक बोळा करा. खरा नसला तरी चालेल, मनातला करा. आता तो खोलीच्या या टोकावरून पलीकडच्या कोपऱ्यातल्या टोपलीत टाका. हातातून सुटताना बोळा कसा झपकन निघतो, पाहिलंत? अर्ध्या वाटेवर तो दमल्यासारखा होतो आणि टोपलीच्या अलीकडेच जवळजवळ सरळ खाली पडतो. शाळेच्या पुस्तकात त्याची वाट छान कमानीसारखी काढलेली असते, दोन्ही बाजू सारख्या. पण बोळ्याने ते पुस्तक वाचलेलं नसतं. त्याला हवा अडवते. तो जितक्या जोरात जाईल तितकी ती जास्त अडवते. दुप्पट वेगाला दुप्पट नव्हे, चौपट.

आता खिडकी उघडा आणि उजवीकडे वाहणारा वारा आत येऊ द्या. टोपली तीच, बोळा तोच, हातही तोच. नेम किती डावीकडे धराल?

घरात नेम चुकला तर बोळा उचलून पुन्हा टाकता येतो. म्हणून आपण आता टोपली काढून टाकू. तिच्या जागी भर नदीत उभा असलेला पुलाचा एक अर्धवट खांब ठेवा. खांबावर दोन माणसं ठेवा. त्यातल्या एकाची बारा वर्षांची मुलगी काठावर उभी करा, हातात वही धरून. आणि लक्षात ठेवा, टाकायला बोळे दोनच आहेत.

त्या मुलीला सगळे ठिपकी म्हणायचे. तिच्या वहीत चित्रं नसत, अक्षरंही फारशी नसत, ठिपकेच असत. ते तिला आत्याने शिकवलं होतं. आत्या त्या पुलाच्या कामावर दोरी फेकायचं यंत्र चालवायची. माणसाच्या उंचीची एक जाड नळी, खाली तीन पाय, पायांशी दाबून भरलेल्या हवेची लोखंडी बाटली. नळीत वाळूची एक कापडी पिशवी ठेवायची, तिला बारीक दोरी बांधलेली. कळ दाबली की ‘भक्’ असा आवाज होऊन पिशवी दोरीसकट उडायची आणि लांबच्या खांबावर जाऊन पडायची. तिथली माणसं त्या बारीक दोरीने जाड दोर ओढून घ्यायची आणि मग दोराने तार. कामगार त्या यंत्राला तोफ म्हणत आणि आत्याला तोफवाल्या ताई.

शाळा सुटली की ठिपकी आत्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बसायची. सरावाच्या वेळी आत्या तोफ डागायची आणि ठिपकी पिशवी कुठे पडली ते मोजून लिहायची. पिशवीची पूर्ण वाट एका दमात काढायला जायचं नाही, हे आत्याने तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

“अर्धा सेकंदच बघ,” आत्या म्हणाली होती. “या अर्ध्या सेकंदात हवा पिशवीला किती मागे ओढेल, जमीन किती खाली ओढेल, तेवढंच काढ. मग ती कुठे पोचली? तिथे ठिपका दे. आता त्या ठिपक्यावर उभी राहा आणि पुढचा अर्धा सेकंद बघ.”

असे सहा-सात ठिपके दिले की पिशवी जमिनीवर येई. पिशवी आणि तिच्या मागची दोरी यांना मिळून हवेची ओढ किती, तो आकडा दोघींनी सरावातून काढला होता. वेगाला वेगाने गुणायचं आणि शंभराने भागायचं. पुढे जाण्याचा रकाना आणि वर-खाली होण्याचा रकाना आत्याने आखून दिला होता. तिसरा रकाना, आडव्या वाऱ्याचा, ठिपकीने स्वतःच्या डोक्याने जोडला होता. वाऱ्याचा वेग गुणिले वाऱ्याचा वेग, भागिले शंभर. तिला त्याचा केवढा अभिमान! त्यावरून तिने एक मोठा तक्ता केला: बाटलीत दाब किती, नळीचा कोन किती, वारा किती, नेम किती बाजूला धरायचा. आत्याने खाली सही केली आणि तक्ता शेडच्या भिंतीवर लागला.

एक गोष्ट मात्र दोघींच्याही ध्यानात आली नव्हती. सरावाला लांबलचक मोकळी जागा फक्त काठाकाठाने होती, म्हणून सराव नेहमी नदीच्या कडेने चालायचा. वाराही नदीच्या कडेनेच वाहायचा, कधी समोरून, कधी पाठीमागून. आडवा वारा त्यांच्या पिशवीला कधी लागलाच नव्हता. तिसरा रकाना तपासला गेला नव्हता.

आणि खांब तर नदीच्या आत होता. तिकडे पिशवी पाठवायची म्हणजे वारा आडवाच लागणार.

त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. पाऊस आदल्या रात्री पडला होता, तोही लांब डोंगरात. दुपारी अडीचला त्याचं पाणी एकदम आलं. खांबांपर्यंत जायला पिंपांवर फळ्या टाकून केलेली वाट होती, ती पाण्याने उचलली आणि जाता जाता शेजारची होडीही नेली. मधल्या खांबावर ठिपकीचे बाबा वेल्डिंग करत होते. सोबत त्यांचा मदतनीस होता, ज्याला त्याच्या उंचीमुळे सगळे लांब्या म्हणत. खांब अजून पुरता उठलेला नव्हता. माथ्यावर दोन मीटर रुंदीचा काँक्रीटचा ओटा, त्याच्यावर नुसतं आभाळ. ओट्याखाली खांबावर एकेक फुटावर पांढरे पट्टे रंगवलेले होते. पाण्याच्या वर पाच पट्टे दिसत होते.

“मोठी बोट निघाली आहे,” इंजिनियरसाहेब फोन ठेवत म्हणाले. “पण दोन तास लागतील.”

दोन तासांत पाच पट्टे टिकणार नाहीत, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

आत्याने तोफ वळवून नदीकडे केली. खांब बहात्तर मीटरवर होता. ठिपकी उंचवट्यावरच्या फिरकीकडे धावली. चार वाट्यांची ती फिरकी वारा मोजायची. “नऊ!” ती ओरडली. सेकंदाला नऊ मीटर, डावीकडून उजवीकडे. तक्त्यात बोट फिरवून ती म्हणाली, “चाळीसचा वेग, सव्वीस अंश, नेम तीन मीटर डावीकडे.”

खांबावरून वॉकी-टॉकीत लांब्याचा आवाज आला. “ओ तोफवाल्या ताई, दोरीला बांधून दोन कप चहापण पाठवा!”

“आधी दोरी धर, मग चहा,” आत्या म्हणाली. तिचा हात कळीवर होता. भक्!

पिशवी निघाली. एक, दोन, तीन सेकंद. उंची बरोबर होती, अंतर बरोबर होतं. पण पिशवी उजवीकडे सरकत गेली, आणखी सरकली, आणि ओट्याच्या उजवीकडे पाण्यात पडली. लांब्या ओट्यावर पालथा पडून हात लांब करत होता. हात नुसताच लांब झाला. दोरी पाण्याने ओढून खडकांत गुंतवली. मुकादमांनी तीन गड्यांना घेऊन ती खेचून पाहिली आणि शेवटी कापली.

“सहा मीटर उजवीकडे पडली,” साहेब दुर्बिणीवरून डोळा काढत म्हणाले.

नेम तीन डावीकडे, पिशवी सहा उजवीकडे. म्हणजे वाऱ्याने तिला नऊ मीटर नेलं. तक्ता तीन म्हणत होता.

खांबावर आता चार पट्टे होते.

आता दोरीची एकच पेटी उरली होती आणि हवेची एकच बाटली. ती बाटली पहिलीइतकी भरलेली नव्हती. आत्याने बाटलीवरचा दाबाचा काटा पाहिला. “चाळीस नाही मिळणार. छत्तीस मिळेल. नळी उचलावी लागेल, चाळीस अंशांवर. पिशवी उंच जाईल आणि चार सेकंद हवेत राहील.”

“फिरकी?” साहेबांनी विचारलं.

“अकरा,” ठिपकी म्हणाली. वारा वाढला होता.

“तक्ता काय म्हणतो?”

“सात मीटर.”

“मघाशी तक्ता सहाने कमी पडला. तर सातात सहा मिळवा. तेरा धरा, ताई.”

“असं कसं साहेब?” मुकादम मध्ये पडले. “तीनचे नऊ झाले, म्हणजे तिप्पट. सातचे एकवीस होणार!”

“तिप्पट कशावरून?”

“आणि मिळवायचं तरी कशावरून?”

दोघंही शहाणी माणसं होती आणि दोघांचंही बोलणं पटण्यासारखं होतं. पण तेरा आणि एकवीस यांच्यामध्ये आठ मीटर पाणी होतं आणि ओटा होता दोन मीटर रुंद. दोघांपैकी फार तर एकाचं बरोबर असणार होतं, कदाचित दोघांचंही चूक. शिवाय दुसरी फेक पहिलीसारखी नव्हतीच. वेग वेगळा, कोन वेगळा, वारा वेगळा. पहिलीच्या चुकीचं ठिगळ दुसरीला कसं बसणार?

“ठिपके,” आत्या हळू आवाजात म्हणाली, “फिरकी पुन्हा बघून ये. धावत जा.”

ठिपकी धावली. तक्ता तिचा होता. तिच्या तक्त्याने एक दोरी पाण्यात घातली होती, आणि हे अजून कुणी बोललं नव्हतं. साहेब वाऱ्याला बोल लावत होते, मुकादम तोफेला.

उंचवट्यावर ती थांबली. वारा डाव्या कानात घुसत होता. “अजून अकराच!” ती ओरडली आणि फिरकीपुढे काठाच्या कडेपर्यंत धावली, बाबा नीट दिसावेत म्हणून. धावताना वारा कानात नव्हता. तो डाव्या गालावर, नाकाच्या बाजूला लागत होता. ती कडेशी थांबली. वारा पुन्हा कानात.

ती चार पावलं मागे आली आणि परत नदीकडे धावली. गालावर. थांबली. कानात.

“पोरीला झालंय काय?” मुकादम म्हणाले. “नाचतेय काय तिथे?”

मुलांनो, तुम्हीही कधीतरी वाऱ्यात हे करून बघा. उभं राहिलं की वारा बाजूने येतो. धावायला लागलं की तोच वारा तिरका होऊन समोरून येतो, आणि त्याचा जोरही वाढतो. तुमच्या धावण्याने अंगावर येणारी हवा आणि बाजूचा वारा असे दोन वेगळे वारे तुम्हाला लागत नाहीत. लागतो तो एकच, तिरका.

ठिपकीने तिच्या वहीत एका वाऱ्याचे दोन वारे केले होते. समोरचा एका रकान्यात, आडवा दुसऱ्या रकान्यात, जणू त्यांची एकमेकांशी ओळखच नाही. पण चाळीसच्या वेगाने पळणाऱ्या पिशवीला बाजूने नऊचा वारा लागला, तर तिला खरा वारा लागतो एक्केचाळीसचा, तिरका. चाळीसचा वर्ग आणि नऊचा वर्ग मिळवा, त्याचं वर्गमूळ काढा, एक्केचाळीस येतील. हवेची ओढ त्या एक्केचाळीसच्या हिशेबाने पडते आणि त्यातला आडवा वाटा येतो एक्केचाळीस गुणिले नऊ, म्हणजे तीनशे एकोणसत्तर. तिच्या रकान्यात मात्र होते नऊ नव्वे एक्क्याऐंशी. निघतानाच साडेचार पटींची चूक. पिशवी मंदावत जाते तशी ती चूक कमी होत जाते, पण तोवर पिशवी खांबाच्या पलीकडे सरकलेली असते.

ठिपकी उतरून तोफेपाशी आली. बोलली नसती तरी चाललं असतं. तेरा की एकवीस, मोठ्यांनी काहीतरी ठरवलं असतं, आणि पिशवी पुन्हा पाण्यात पडली असती तर ती चूक मोठ्यांची झाली असती.

“आत्या,” ती म्हणाली, “तक्ता चुकलाय. वारा नाही, तोफ नाही. माझा वाऱ्याचा रकाना चुकलाय. पहिल्यापासूनच.”



“हे आता सांगतेस?” साहेबांचा आवाज चढला.

“आता कळलं म्हणून आता सांगतेय,” आत्या म्हणाली. “आणि तक्त्याखाली सही माझी आहे, साहेब. ओरडायचं तर माझ्यावर ओरडा, पण नंतर. ठिपके, कसं चुकलं ते तीन वाक्यांत सांग.”

ठिपकीने दोनच वाक्यांत सांगितलं. आत्याने डोळे मिटले, मग कपाळावर तळहात मारला. “आपण कायम काठाकाठाने फेकत आलो. मूर्ख मी. किती वेळ लागेल?”

“सहा-सात मिनिटं. आठ ठिपके आहेत.”

“पट्टे किती?” आत्याने विचारलं.

“साडेतीन,” मुकादम म्हणाले. “नाही. तीन.”

ठिपकी वाळूच्या पोत्यावर बसली, वही मांडीवर. शेडमधलं जुनं कॅल्क्युलेटर आत्याने तिच्या हातात दिलं आणि पान उडू नये म्हणून स्वतःचा पंजा वहीवर दाबून धरला. ठिपकीने पानाच्या माथ्यावर लिहिलं: वेग ४०, कोन २६, वारा ९.

साहेब वाकून बघत होते. “अगं, हे काय करतेस? ती फेक होऊन गेली! वाहून गेली! पुढचं काढ!”

“सर,” ठिपकी मान वर न करता म्हणाली, “उत्तर माहीत असलेलं तेवढंच एक गणित आहे माझ्याकडे. ते आलं तरच नवी रीत खरी.”

साहेब सरळ झाले आणि पाण्याकडे तोंड करून उभे राहिले.

पहिला ठिपका. तिरका वारा किती, त्यातला पुढचा वाटा किती, वर-खालचा किती, आडवा किती. दुसरा ठिपका. वॉकी-टॉकी खरखरला. “ठिपके, तिथे आहेस का गं?” बाबांचा आवाज होता. तिची पेन्सिल अडखळली. आत्याने वॉकी-टॉकी उचलून नुसतं “आहे, कामात आहे” म्हटलं. तिसरा. चौथा. पेन्सिलचं टोक मोडलं. मुकादमांनी खिशातलं पेन पुढे केलं. पाचवा. सहावा.

“नऊ,” ठिपकी म्हणाली. “आठ पूर्णांक नऊ. पिशवी नऊच गेली होती ना?”

“नऊच,” आत्या म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदा काहीतरी सैल झालं. “आता खरं गणित.”

वेग ३६, कोन ४०, वारा ११. पुन्हा पहिला ठिपका. दुसरा. लांब्या आता विनोद करत नव्हता. तिसऱ्या ठिपक्याला खांबावर अडीच पट्टे होते. पाचव्याला दोन. सहाव्या ठिपक्याचा हिशेब चुकल्यासारखा वाटला, म्हणून तिने तो पुन्हा केला. साहेबांच्या तोंडून “हे देवा” निघालं, पण तिने घाई केली नाही. एका ठिपक्यावर चुकीचं उभं राहिलं तर पुढचे सगळे ठिपके चुकतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सातवा. आठवा.

“पंधरा मीटर,” ती म्हणाली. “डावीकडे.”

“ना तेरा, ना एकवीस,” मुकादम पुटपुटले.

साहेबांनी आत्याकडे पाहिलं. “ताई, ही शेवटची दोरी आहे. बारा वर्षांच्या मुलीच्या हिशेबावर...”

“खांबावर माझा भाऊ आहे, साहेब,” आत्या म्हणाली. “तुमच्या तेराला आधार काय? होऊन गेलेल्या फेकीचं उत्तर तुमच्या रीतीने येतं का? हिच्या रीतीने आलं.” आणि तिने नळीखालच्या खुणांच्या तबकडीवर नळी डावीकडे फिरवली, पंधरा मीटरच्या खुणेपर्यंत. नळी खांबाकडे बघतच नव्हती. ती सरळ सरळ उघड्या पाण्याकडे बघत होती.

ठिपकीने वॉकी-टॉकी हातात घेतला. “बाबा, ऐका. समोर बघू नका. वर बघा. पिशवी या वेळी उंच जाईल आणि वरून पडेल, खूप तिरकी नाही येणार. आणि आधी वाटेल की ती भलतीकडेच चाललीय. तरी जागा सोडू नका.”

बाबा म्हणाले, “बरं. वर बघतो.”

ती पुन्हा फिरकीपाशी गेली. वारा एकसारखा नव्हता. “बारा!” ती ओरडली. “साडेबारा... बारा...” आत्याचं बोट कळीवर, नजर ठिपकीवर. एक पट्टा पाण्यात गेला. आता एकच उरला होता. “साडेअकरा... थांब आत्या... थांब... अकरा! आता!”

भक्!

अर्ध्या सेकंदाला पिशवी काठ सोडून वर चढली होती. एका सेकंदाला ती खांबाच्या खूप डावीकडे होती, अगदी आंधळ्यालाही दिसावं इतकी. “गेली,” साहेब कण्हले. “डावीकडे गेली.” दीड सेकंद. ती अजून चढत होती आणि दोरी तिच्यामागे पोटासारखी फुगली होती. दोन सेकंदांना ती सगळ्यांत उंच होती आणि दमली होती, तुमच्या कागदाच्या बोळ्यासारखी. आता वाऱ्याचं फावलं. अडीच. वाट वाकू लागली. तीन. पिशवी पुढे कमी आणि बाजूला जास्त जात होती, उजवीकडे, खांबाकडे. ओट्यावर दोन माणसं माना वर करून उभी होती. साडेतीन. ती पडू लागली, जवळजवळ सरळ. ठिपकीने डोळे मिटले नाहीत. आठवा ठिपका कुठे पडतो ते तिला बघायचं होतं.

खांबावर बाबा एकदम खाली वाकले. उभे राहिले तेव्हा त्यांच्या दोन्ही मुठींत दोरी होती.

काठावर ओरडा झाला, पण तो फार वेळ टिकला नाही, कारण काम बाकी होतं. बारीक दोरीने जाड दोर गेला, दोरावरून कप्पी, कप्पीला लटकवलेला लोखंडी पाळणा. बाबांनी आधी लांब्याला बसवलं. लांब्या काठाला लागला तेव्हा शेवटच्या पट्ट्याची नुसती वरची कड दिसत होती. पाळणा रिकामा परत गेला. बाबा त्यात बसले तेव्हा पाणी ओट्यावरून वाहत होतं आणि त्यांचे बूट त्यात बुडालेले होते. दहा माणसं दोर ओढत होती, त्यांत साहेबही होते.

बाबांना ताडपत्रीत गुंडाळून शेडमध्ये बाकावर बसवलं. लांब्या दात वाजवत “चहा राहिलाच” म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. आत्या भावाच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती. ठिपकी दारातून आत आली. आता ती गळ्यात पडणार म्हणून सगळ्यांनी तिला वाट करून दिली.

ती बाबांसमोर येऊन उभी राहिली, वही उघडी. “बाबा, पिशवी नेमकी कुठे पडली? ओट्याच्या मधोमध?”

“माझ्या उजव्या बुटावर,” बाबा म्हणाले. “अजून ठणकतंय.”

“तुम्ही मधोमध होतात?”

“हो.”

“उजवा म्हणजे तुमचा उजवा की आमचा?”

“माझा. तुमच्याकडून बघितलं तर डावा.” ते हसायला लागले आणि हसू मध्येच कुठेतरी वाकडं झालं. “मधोमधपासून एवढ्यावर.” त्यांनी ताडपत्रीतून दोन्ही हात बाहेर काढून अंतर दाखवलं.

“हात हलवू नका हं,” ठिपकी म्हणाली आणि दप्तरातून पट्टी काढून त्या दोन तळहातांमध्ये धरली. पण हात थरथरत होते. आकडा एकदा पन्नास यायचा, एकदा साठ, एकदा चाळीस. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग पट्टी बाकावर ठेवली, वही तिच्या शेजारी ठेवली, आणि बाबांचे दोन्ही गार हात आपल्या हातांत घट्ट धरून ठेवले, ते थांबेपर्यंत.

थांबले तेव्हा तिने पट्टी पुन्हा उचलली.